रेघ

भिंतीवरची रेघ आता दिसत नाही.
श्रीरंगने रंगाचे दोन हात मारले, मग तिसरा,
डब्यावर रंगाचं नाव होतं बटरमिल्क, म्हणजे ताकच.
पण ती कुठे आहे मला ठाऊक आहे:
दिव्याच्या बटणाखाली चार बोटं,
तेव्हाच्या माझ्या पोटाच्या बरोबर समोर.

कार्लाईल. डिसेंबर. सव्विसावा आठवडा.
ईडनचं पाणी की पेटरिलचं,
दिवाणखान्यात शिरल्यावर कोण विचारतं?
आधी संडासाने गुळण्या केल्या,
मग फळ्यांच्या फटींतून गालिचा फुगला,
मग दारातल्या टपालाच्या झडपेतून
ती आत आली, नाव-पत्ता नसलेली.
मी जिन्यावर बसून बुडालेल्या पायऱ्या मोजत होते.
चार. पाच.
शेजारच्या खिडकीतून डोरीन ओरडली,
"बाळ हलतंय का गं?"

हलत होतं.
विमेवाल्याच्या पोटातलं पाणी पुढे सात महिने हललं नाही,
माझ्या पोटातलं त्या रात्री एकदाही थांबलं नाही.

नंतरचं कुणी विचारत नाही.
झोपायच्या खोलीत किटली, किटलीशेजारी तांदूळ,
खाली ओल शोषणारी यंत्रं रात्रंदिवस घरघरत,
आणि कपाटामागे बुरशी,
काळी, बारीक, राळ्यासारखी.
डोहाळे या शब्दात डोह आहे
हे मला तेव्हा कळलं.
आईला फोनवर चिंच हवी म्हणाले.
खरं म्हणजे सोललेल्या भिंतीला जीभ लावावीशी वाटे.
लावली एकदा.
हे श्रीरंगलाही माहीत नाही.

पाच आठवडे आधीच आली ती.
नाव आधीच ठरलेलं, नीरजा.
सासूबाई म्हणाल्या, आता पाण्याचं नाव नको.
मी हट्टाने तेच ठेवलं.
दप्तरात निळा पंप, उशीखाली दुसरा.
पावसाळी रात्री तिची छाती वाजते
जुन्या पेटीच्या भात्यासारखी,
आणि मी अंधारात मोजत बसते,
चार, पाच.

परवा बेथन आली, विद्यापीठातून,
मोजे दारात काढू का विचारणारी, पोरसवदा.
"पुराच्या वेळी तुम्ही किती घाबरला होता?
एक ते पाच सांगा."
मी तीन म्हणाले. का कोण जाणे.
पाहुण्यांसमोर आपण तीनच म्हणतो.
मग मीच विचारलं:
हे माझ्या भीतीने झालं, की बुरशीने,
की त्या एका चाटण्याने?
तिने पेन खाली ठेवलं.
"एकेका मुलाचं नाही सांगता येत," म्हणाली,
"आणि तुम्ही काही केलेलं नाहीत."
दुसरं वाक्य तिच्या कागदावर नसावं.

मग तिने दात मागितला.
दुधाचे दात पोटातच घडू लागतात म्हणे,
थरावर थर,
आणि जन्माची एक बारीक रेघ उरते त्यांत.
पुराचीही उरते का?
"माहीत नाही. तेच तर बघायचंय."

माझे दात आजोळच्या कौलांवर गेले,
नीरजाचा पहिला इथल्या परीने नेला, एक पौंड ठेवून.
हा दुसरा, काल सफरचंदात अडकलेला,
वाटीत आहे, तांदळाच्या दाण्याएवढा.
भिंगाखाली धरला. काही दिसलं नाही.

"आई, पूर आला तेव्हा मी भिजले होते?"
नाही गं. घरात एकटी तूच कोरडी होतीस.
"पण मी तर पाण्यातच होते ना?"

पाकीट खिडकीत पडून आहे, तिकीट लावलेलं.
मी अजून टाकलेलं नाही.
मागच्या बाजूला तिने पेन्सिलीने लिहिलंय,
तिरक्या, मोठ्या अक्षरात:
बघून झाल्यावर परत पाठवा.